स्पीकरच्या जागी

बाबा, आई काल विचारत होती, तो रेडिओ वाजत होता का.

नेरूळच्या घरात गॅलरीत तुमचं टेबल होतं, खाली मोटारीची बॅटरी. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. लोक गाड्यांत कॅसेट प्लेअर बसवत होते, आणि तुमच्याकडे जुन्या गाड्यांचे मुके रेडिओ यायचे. तुम्ही वाळलेले कंडेन्सर बदलायचात, डायलच्या काट्याचा तुटलेला दोरा नव्याने ओवायचात. तपासताना स्पीकर मात्र कधी जोडला नाहीत. त्याच्या जागी आवाज न करणारा रेझिस्टर लावून मीटरवर बघायचात. पहिला आवाज मालकाने काढायचा, हा तुमचा नियम. शेजारच्या शिरवणे गावचा गॅरेजवाला हसायचा. "काका, तुमीच लावा ना. मना काय कलतं त्यातला?" तुम्ही स्पीकर जोडता. "गाडी कुणाची? मग लाव." तो बोटं पँटला पुसतो, बटण फिरवतो, आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ऐकत राहता.

फ्लॅटसाठी आपली गाडी विकली तेव्हा तिचा रेडिओ तुम्ही काढून घेतला होता. गाडीत त्याचं बटण आईच्या हातात असायचं, म्हणून तो तिचा. दुसऱ्यांच्या कामात तो मागेच पडत गेला. मग एका रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. "झाला. ये, लाव." आई कणीक मळत होती. "आत्ता? हात बघा माझे. इतकी वर्षं थांबला, उद्यापर्यंत थांबेल." तुम्ही हसलात. "मालकीणबाई म्हणतील तसं." संध्याकाळी दूध घेऊन येताना तुम्ही जिन्यात बसलात, ते उठलाच नाहीत.

तेराव्यानंतर आई मावशीकडे गेली होती. मी रेझिस्टर काढून स्पीकर जोडला, बटण फिरवलं. डायलचा दिवा लागला. कोणीतरी हवामान सांगत होतं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. काही वाटलं नाही. मग सगळं होतं तसं करून ठेवलं.

आई त्या रेडिओबद्दल कधी बोलली नाही. हिंडतीफिरती होती तोवर त्यावरची धूळ तेवढी पुसायची. काल अंथरुणातून म्हणाली, "मी हात धुतले असते, तर त्यांनी ऐकला असता ना गं?"

"नाही. काम बाकी होतं. वाजत नव्हता तो."

तिने पांघरूण बाजूला सारलं. "वाटलंच. घाईच फार त्यांना." मग उठून बसली, दोन घास जास्त जेवली.

तुमचं काम अर्धवट होतं, असं मी सांगितलं. ती पुन्हा विचारेल तेव्हाही हेच सांगेन. हा कागद मात्र घरात ठेवता येणार नाही. चष्मा लावून ती अजून वाचते.