पाच महिन्यांचं जवस

आगरदांडा
रविवार

प्रिय संघर्ष,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझी खबर प्रांजलीकडून कळते. पोटातलं पाणी परवा पुन्हा काढलं, जेवण जात नाही, एवढंच ती सांगते. ऑगस्टमधली ती दुपार तुला आठवत असेल. यकृत बदलावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रांजलीचा रक्तगट जुळत नव्हता, मुलं लहान, आणि तुझ्या पनवेलच्या घरात सगळे माझ्याकडे बघत होते. आठवड्याने मी फोनवर म्हणाले, "मला जमणार नाही." तू "बरं" म्हणालास. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

इथे सगळं ठीक म्हणायचं. शाळेत यंदा पहिलीला सातच मुलं आली. मी भात जवळजवळ सोडलाय. कोकणात राहून भात सोडणारी तू एकटीच, असं तुझे दाजी म्हणतात. रोज सकाळी जेट्टीपर्यंत चालत जाऊन येते, सहा किलोमीटर. गुडघे ठणकतात. दुपारी वर्गात खुर्चीवर टेकले की उठवत नाही. नऊ किलो वजन उतरलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तुळसाबाईंनी एकदा माझा हात धरून विचारलं, "बाई, मोठा आजार हाय का काय? आमाला तरी सांगा." मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

आणि जवस खाते. आपल्या घरात ते कधी आलंच नव्हतं. इथल्या दुकानातही मिळत नाही, माणगावहून आणते. भाजून रोजच्यापुरतंच कुटते; कुटून ठेवलं तर खवट होतं आणि अख्खं खाल्लं तर दाणा पोटातून तसाच निघून जातो. पहिले पंधरा दिवस ती चिकट पूड घशाखाली उतरत नव्हती. आता चव कळतच नाही. नाचणीच्या भाकरीवर घालते आणि गिळते.

हे मला राही मॅडमनी शिकवलं. त्या तुझ्याच हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ आहेत. होय, मी तिथे गेले होते. त्या दुपारनंतर चार दिवसांनी, कुणाला न सांगता. रक्तगट जुळला. मग यकृताची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले की माझ्याच यकृतात जवळजवळ तीस टक्के चरबी आहे, असा तुकडा दिला तर तुलाही धोका आणि मलाही. दारूचा थेंब न घेतलेली मी. तरी आयुष्यभराचा भात, तळण आणि बसून काम तिथे जाऊन साठलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत चरबी उतरली तर बघू, पण भरवसा देत नाही.

खरं सांगते संघर्ष, त्या क्षणी मला हलकं वाटलं. मी फार घाबरले होते. पोट फाडणार, काही झालं तर माझ्या मुलींचं काय, हेच डोक्यात होतं. बाहेर बाकावर बसले आणि मग त्या हलकं वाटण्याची एवढी लाज वाटली की तुला खरं कारण सांगायला तोंडच उरलं नाही. शिवाय तुला आशा लावायची आणि पुन्हा काढून घ्यायची, हेही धाडस नव्हतं. मग जमणार नाही, एवढंच म्हणाले.

राही मॅडमनी समजावलं की सगळं तेल सारखं नसतं. तळणीतल्या पामतेलाची, वनस्पती तुपाची चरबी यकृतात लवकर साठते. जवसातली चरबी निराळी. ती खाण्यात असली तर यकृत नवी चरबी कमी बनवतं आणि साठलेली जाळायला त्याला मदत होते. पण त्यांनी बजावलंही, की हे काही औषध नव्हे. तळण, साखर सोडली नाही आणि चाललं नाही तर पोतंभर जवस खाऊनही उपयोग नाही. दोन महिन्यांनी चरबी बावीसवर आली, मग महिनाभर तिथेच अडकली. तेव्हा मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला गेले.

परवा शेवटची तपासणी झाली. सात टक्के. चालेल, म्हणाले डॉक्टर. तुझ्या दाजींनी संमतीच्या कागदावर सही केली; पेन हातात घेऊन बराच वेळ बसले होते. पुढच्या मंगळवारी मी दाखल व्हायला येते आहे. प्रांजली म्हणते, ताईकडून मला काही नको, असं तू तिला सांगितलं आहेस. म्हणून हे पत्र. राग धर, हवा तेवढा. बरा झाल्यावर वर्षभर बोलू नकोस. पण मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं की हो म्हण. मी फार थकले आहे रे. हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करणं माझ्याकडून होणार नाही.

तुझीच,
ताई