चवथीची दुसरी आरती

पेडणे,
१२ जानेवारी २०२६

चि. जयराम भावजी यांस,
शेवंतीवयनीचे आशीर्वाद.

तुमचं पाकीट पोचलं. आम्ही सगळी बरी आहोत. यंदा काजूला मोहोर चांगला आहे. मोपाच्या नव्या विमानतळाची विमानं आता छपरावरूनच जातात, तेव्हा तुम्ही कधी उतरलात ते आम्हाला घरबसल्या कळेल.

तुमच्यावरची फिल्म पणजीत दाखवणार आहेत, तेव्हा मी स्टेजवर यावं, असं लिहिलंत. पेडण्यात दोन काठ्यांनी शामेळ वाजवणारा मुलगा मुंबईच्या हॉटेलांत ड्रमवर बसला, तिथून लिस्बनला गेला, आणि आज कुठकुठची जॅझवाली मुलं त्याच्या डाव्या हाताची नक्कल करतात. अभिमान मलाही होता. फिल्ममध्ये तुम्ही म्हणता, तो डावा हात दादाच्या घुमटवादनाला साथ करता करता तयार झाला. खरं आहे. हे जहाजावरून सुटीवर आले की तुम्हा दोघांची आरती ऐकायला डिचोलीहून माणसं यायची.

मला यायला जमणार नाही. गुडघे दुखतात.

गुडघ्यांचं खोटं आहे. मला खोटं एक ओळभरही निभावता येत नाही, तुम्ही गणपतीचा अख्खा दीड दिवस निभावलंत.

परवा ह्यांच्या जहाजावरचा महेश भेटायला आला होता. हे गेले तेव्हाचं सांगताना सहज म्हणाला, "वयनी, आमी फोन चवथीच्या आदल्या दिसाच केल्लो. जयरामबाबान घेतलो."

आदल्या दिवशी! तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून ह्यांनी जहाजवाल्यांना तुमचा नंबर दिला होता. आणि मला तुम्ही सांगितलंत गणपती पोचवून आल्यावर, फिल्मचे कॅमेरेवाले गाडीत बसून गेल्यावर. "आताच फोन आयलो," म्हणत ओक्साबोक्शी रडलात.

सुतक ऐकल्यापासून लागतं. मी ऐकलं असतं तर घरात गणपती आला नसता, घुमटाला कोणी हात लावला नसता, आणि तुमचं शूटिंग राहिलं असतं. म्हणून ऐकवलंच नाहीत. मी अबोली माळून, झांज घेऊन हसत उभी, आणि हे तिकडे जहाजाच्या बर्फाच्या खोलीत.

फिल्ममधलं माझं ते हसणं काढून टाका. ते लोकांनी बघितलेलं मला सोसवणार नाही. बाकी तुमचा सत्कार तुम्हाला लखलाभ.

एक मात्र डोक्यातून जात नाही. आरती संपली, कॅमेरेवाल्याचं काहीतरी राहिलं, आणि तुम्ही म्हणालात, "वयनी, आनीक एक फावट म्हणूया." पुन्हा अख्खी आरती झाली. दादा गेला हे त्या खोलीत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुमचा ठेका एकदाही चुकला नाही.

तुमच्या दादाची,
शेवंती