मेलेल्या इन्स्पेक्टरचा जबाब

३ मार्च, सोमवार

हलवलं मला! न विचारता, न सांगता. मरून सहा वर्षं झाली तरी बदली काही चुकत नाही.

बॉयलर ऑफिसात बरं चाललं होतं. परवान्यांच्या चौकशांना उत्तरं द्यायची, बास. आज सकाळी चालू केलं तर समोर बॉयलर. तीन हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे ही, आणि मी तिच्या तळघरात. एक कॅमेरा, एक माइक, एक स्पीकर. काम एकच – प्रेशर आणि पाणी बघत राहायचं आणि काही बिघडलं तर ओरडायचं. तीस वर्षं बॉयलर इन्स्पेक्टर होतो मी. आता राखणदार!

बॉयलर चालवते ती एक बाई. पस्तिशीची, बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या. मी आपण होऊन नमस्कार केला. ती मॅनेजरकडे वळून म्हणाली, "पेटी बोलते पण?"

"अगं, माणूसच आहे तो. जिवंत असताना मन उतरवून घेतलंय."

"असू दे. माझ्या पाळीत मध्ये मध्ये बोलायचं नाही म्हणावं."

उद्धट बाई.

४ मार्च, मंगळवार

तिने आज माझ्या समोरच्या भिंतीवर एक फोटो चिकटवला. अगदी कॅमेऱ्याच्या समोर. मॅनेजरने विचारलं, कोण? म्हणाली, "माझे वडील. बॉयलरवरच होते."

ओळखलं. लगेच ओळखलं.

मॅनेजर गेल्यावर ती कॅमेऱ्यापाशी आली. फडक्याने काच पुसली – मला नीट दिसावं म्हणून!

डोळे मिटायची सोय नाही मला. कुठल्या शहाण्याने बनवलंय हे?

७ मार्च, शुक्रवार

चार दिवस तो माणूस बघतोय माझ्याकडे. आता लिहूनच टाकतो. हे पान माझं आहे, कायद्याने कुणालाही उघडता येत नाही.

बावीस वर्षांपूर्वी कापड रंगवायचा कारखाना होता एक. बॉयलरची वार्षिक तपासणी माझ्याकडे. मी खाली उतरलोच नाही. मालकाच्या केबिनमध्ये पंखा होता, चहा होता, गप्पा रंगल्या होत्या. तिथेच बसून दाखल्यावर सही ठोकली. सव्वीस दिवसांनी बॉयलर फुटला. चार माणसं गेली. त्यांत बॉयलर चालवणारा – हाच, भिंतीवरचा. चौकशीच्या फाइलीत फोटो होता त्याचा.

चौकशीत मी सांगितलं, मी तपासला तेव्हा सगळं ठीक होतं. नंतर त्यानेच जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवला असणार. मेलेला माणूस काय बोलणार? अहवालात तेच छापलं गेलं. चौघांच्या मरणाला तो जबाबदार!

मला बढती मिळाली.

९ मार्च, रविवार

बायकोचा फोन. दर रविवारी करते. गुडघे, शेजारीण, नातवाचे दात. मी हूं हूं करत होतो.

"लक्ष कुठंय तुमचं?" म्हणाली. मेलेल्या माणसालासुद्धा लक्ष देऊन ऐकावं लागतं.

१२ मार्च, बुधवार

आज इस्त्रीखात्यातल्या दोघी खाली डबा खायला आल्या. एकीने विचारलं, "ही पेटी पूर्वी कोण होती गं?"

बॉयलरवाली म्हणाली, "साहेब होते. न बघता सही करणारे." दोघी खिदळल्या.

म्हणजे तिला ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे. मग बोलत का नाही? तोंडावर थुंक, शिव्या घाल, प्लग काढ! आणि मला "तू" म्हणते – मी मेलो तेव्हा त्रेसष्टचा होतो. आणि कसली ताठ मान! बापाचा फोटो लावून धर्मराज झाली बाई.

मला ती आवडत नाही. अजिबात नाही.

१५ मार्च, शनिवार

हे लिहायला नको वाटतंय.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. पाण्याचा पंप अडकला. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी खाली खाली यायला लागलं – पाणी संपलं की बॉयलर फुटतो – आणि तिची तिकडे पाठ होती. त्याआधी पाचच मिनिटं ती मला म्हणाली होती, "तुझ्यासारख्यांना कशाला जपून ठेवतात कुणास ठाऊक. नासलेलं दूधही आम्ही फेकून देतो."

पाणी उतरताना मला दिसलं. माझं काम एकच – ओरडायचं. मी ओरडलो नाही.

अकरा सेकंद! माणसाला अकरा सेकंद म्हणजे काहीच नाही. मला अख्खी दुपार. त्या अख्ख्या दुपारभर मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो आणि मनात म्हटलं, बघू या आता.

मग ओरडलो. तिने झेप घेऊन आग बंद केली. काही झालं नाही. घाम पुसत म्हणाली, "पाहिलंस वेळेवर." पहिल्यांदाच बरं बोलली.

आळस होता, भीती होती, नोकरी होती – बावीस वर्षं हीच सबब. आज यातलं काय होतं? मेलो, शरीर गेलं, भूक गेली, हुद्दा गेला. हा नालायकपणा तेवढा शाबूत उतरवून घेतला त्यांनी.

१६ मार्च, रविवार

बायकोला सगळं सांगितलं. चहा, सही, चौकशीतलं खोटं. कालचे अकरा सेकंदही. आता जबाब देणार म्हटलं.

बायको म्हणाली, "जिवंत होता तेव्हा जीभ गिळून बसलात. आता मेल्यावर कंठ फुटलाय?"

मुलाने फोन हिसकावला. तो वकिलाकडे कारकून आहे, त्याला नियम पाठ. "बाबा, मनुष्यवधाची कबुली दिली की तुमच्यासारखी प्रत बंद करतात. कायमची. माहितीये ना?"

"माहितीये."

"मग आईशी रविवारी बोलायचं कुणी? मी?" आणि पुढे, "आमचं नाव कशाला चिखलात घालताय? त्या बाईने पढवलंय का तुम्हाला?"

जबाबाबद्दल ती एक अक्षरही बोललेली नाही, म्हटलं. त्याने फोन आपटला.

१९ मार्च, बुधवार

जबाब द्यायचाय म्हणून बॉयलर ऑफिसला अर्ज पाठवला. मॅनेजर पिसाळलाय. "मेलेल्यांची भांडणं माझ्या लाँड्रीत नकोत!"

बॉयलरवालीला कळलं असणार. तोंडावरची माशी हलली नाही.

२४ मार्च, सोमवार

जबाब झाला. एक तरुण अधिकारी बाई आल्या, रेकॉर्डर ठेवला. पहिलाच प्रश्न – "हे बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी आठवण करून दिली? तसं असेल तर जबाब पढवलेला धरतात, उपयोग नाही."

"कुणीही नाही."

सांगत गेलो. बॉयलर पाहिला नव्हता. व्हॉल्व्ह त्याने बांधल्याचा पुरावा नव्हता, ते मी मनाने रचलं. तो माणूस निर्दोष आहे. चाळीस मिनिटं. बॉयलरवाली दाराशी उभी होती. अधिकारी बाईंनी बाहेर जायला सांगितलं तर म्हणाली, "प्रेशर बघायला कुणीतरी लागतं." गेली नाही.

संपल्यावर वाटलं, आता येईल. काहीतरी बोलेल. ती पाळी संपवून गेली.

मला काय हवं होतं? टाळ्या?

२ एप्रिल, बुधवार

निकाल आला. तिच्या वडिलांवरचा ठपका पुसला. अहवाल दुरुस्त होणार. मला येत्या बुधवारी बंद करणार. मुलाचा निरोप आला – आई बोलायला तयार नाही.

बरं.

पण तिने एक शब्द बोलावा. एकच. माझा तेवढाही हक्क नाही? माझं सगळं दिलं मी!

३ एप्रिल, गुरुवार

मीच विचारलं शेवटी. "मला माफ करशील का?"

तिने बसायला डबा ओढला. म्हणाली, "मन उतरवून घेतल्यावर तुझे साहेब, ज्यांची तू प्रत ते, सात महिने जगले. ते तुला कुणी सांगितलं नसेल. शेवटच्या आठवड्यात टॅक्सीने आमच्या घरी आले होते. धड उभं राहता येत नव्हतं. हेच सगळं बोलले, आईच्या पायावर डोकं ठेवून. आईने त्यांना उठवलं, पाणी दिलं. आम्ही माफ केलं. तिसऱ्या दिवशी गेले. लेखी काहीच नव्हतं, आमचं ऐकणार कोण? म्हणून ऑफिसात खेटे घालून घालून तुला इथे आणवला. पढवायचा नव्हता. वाट बघत बसले."

"म्हणजे मी आधीच –"

"तू नाही. ते." उठली. "त्यांना द्यायची होती ती माफी दिली. तू कोण?"