खटक्याच्या खोलीत मुलीला येऊ देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
सहकारी व्यापार भवन,
नंदुरबार, जि. धुळे.

विषय : अर्जदाराच्या मुलीस विजेच्या खटक्यांच्या खोलीत सात मिनिटे येऊ देणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे रजेचे तीन अर्ज, आठ दिवसांचा, तीन दिवसांचा व एका दिवसाचा.

महोदय,

१. अर्जदार गोवाल दिवाल्या, मूळ राहणार तोरणमाळ, आपल्या भवनात खटक्यांवर नोकरीस आहे. भवन एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढेल, त्यावर महिन्याचे बिल ठरते. म्हणून साहेबांनी पाळ्या लावल्या. सकाळी पाण्याचा पंप, मग पिठाची गिरणी, दुपारी दुकानांचे पंखे, चार ते पाच साहेबांची कचेरी. एक चालू तर बाकी बंद. बिल निम्म्यावर आले, साहेबांना हारतुरे मिळाले आणि अर्जदार मात्र अडकला तो अडकलाच.

२. कचेरीचा खटका झिजला आहे. हात काढला की खाली पडतो. नवा आणल्यास बचत कमी दिसेल, असा शेरा आहे.

३. रजेसाठी समक्ष यावे, असा नियम. साहेब बसतात चार ते पाच, आणि कचेरीला खिडकी नाही. अर्जदार तीनदा जिना चढला, तीनदा कचेरीत अंधार झाला, तीनदा साहेब टोपी घालून घरी गेले. बदली माणूस मागावा तर त्यालाही समक्षच मंजुरी लागते. कारकून पितांबर यांनी "तुन्हाबिगर चालत नही, गोवाल," म्हणून अर्जदारास खाली धाडले. पहिल्यांदा हे ऐकून त्याची छाती फुगली होती. आता रडू येते.

४. मुलगी रेवा हिचे लग्न रविवारी तोरणमाळला बापाशिवाय लागले. येथे अर्ज लिहिणाराही जरा थांबला, त्याची माफी असावी.

५. जोडपे गुरुवारी नवापूरकडे लाकूडतोडीच्या कामास निघणार आहे. पाचच्या गाडीआधी ते भवनावरून जाईल. अर्जदारास बाहेर सोडू नये. ते मागणे त्याने सोडले आहे. 'कामाशिवाय आत येऊ नये' ही पाटी तेवढी सात मिनिटे उतरवावी. कचेरीचा दिवा विझणार नाही. मुलीच्या डोक्यावर ठेवायला एक हात पुरतो.

सोबत : शेरे मारलेले तीन अर्ज.

दि. ५ मे १९६४

आपल्या पाळीत बसलेला नम्र,
गोवाल दिवाल्या
निशाणी उजव्या अंगठ्याची, डावा हात कामात असल्याने.

अर्ज लिहिणार : सुकलाल, अर्जनवीस. खटक्याच्या खोलीत बसून लिहिला.