चिंधी बांधलेलं वांगं

बडनेरा

प्रिय माय,

शेजारची दीपमालाताई हे पत्र तुला वाचून दाखवील. तिला म्हणावं, सावकाश वाच. माझी दहावी राहिली, पण ऱ्हस्व-दीर्घ मी पुन्हा पुन्हा तपासले आहेत.

कंबर वाकेना म्हणून तू भाजीची वाडी सूर्यभानकाकांना बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलीस, तेव्हा मी म्हटलं, चल माझ्यासोबत. तू राखेतल्या बियाण्याच्या पुरचुंड्या माझ्या पिशवीत टाकल्यास आणि म्हणालीस, "स्लॅबवर काय उगवते बाप्पा? तिथं मानूस वाळते. उगवून दाखव, मंग येतो." नांदगाव पेठच्या गिरणीत सूत सांधतानाही तेच कानात वाजायचं.

आधी मी इथं गच्चीवर बादल्यांत सगळंच पेरलं. वालाचा वेल घरमालकीण बेबीताईंच्या टीव्हीच्या छत्रीवर चढला आणि त्यांच्या मालिका बंद पडल्या. अंबाडी उंच झाली नि वाऱ्यानं आडवी पडली. नुसती काळी माती बादलीत भेगाळली, म्हणून भुसा-कुटार आणि शेणखत मिसळलं. मग तुझ्यासारखा एकेका रोपाजवळ बसून पाहत गेलो, कोणतं बुडापासून फुटतं आणि कोणतं उगाच वर पळतं. शेवटी ठेवलं आपलं ठेंगणं काटेरी वांगं, झुपक्याची मिरची आणि थोडा सांभार, शाळेच्या पुस्तकातली कोथिंबीर.

वांगं गुडघ्याएवढंच राहिलं, पण फांदीफांदीला लागलं. गिरणीतल्या अकोल्याच्या श्यामनं माझ्या डब्यातली भाजी खाऊन विचारलं, "कोण्या दुकानाचं बी हाय बे हे?" मी म्हटलं, "दुकानाचं नाही, माझ्या मायचं." माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू! त्यानं रस्साही शिल्लक ठेवला नाही.

पहिल्या बहारातलं सगळ्यांत देखणं फळ मी बियाण्याला सोडलं आणि देठाला लाल चिंधी बांधली. आपल्याकडे चिंधी दिसली की कुणी हात लावत नाही. इथं कोणाला ठाऊक? बेबीताईंना वाटलं, मी नवस बोललो. त्यांनी वांग्याला हळद-कुंकू वाहिलं! मी समजावलं, तर म्हणाल्या, "लाजू नोको, भेटते तुले पोरगी." आता गल्लीतल्या बायाही येऊन हात जोडतात. कुणी तोडेल म्हणून माझा जीव टांगणीला होता. त्या नवसापायीच ते वाचलं.

ते वांगं आता पिवळंधमक झालं आहे. पण चिंधी सोडायची ती घरातल्या मोठ्या बाईनं, बीही तिनंच काढायचं. मी हात लावणार नाही. आणि माय, ठेंगणी झाडं मी जागेपायी निवडली नाहीत. सगळ्या बादल्या विटांच्या ओट्यावर ठेवल्या आहेत, तुझ्या कमरेच्या उंचीला. त्यावर उंच झाड असतं तर तुझा हात शेंड्याला पोचला नसता. इथं तुला वाकावं लागणार नाही. उगवलं आहे. आता तू बोलल्याप्रमाणे ये.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
गजेंद्र