नाल्यापलीकडची शीव

मंगळ., १९ ऑगस्ट
सकाळपासून झड. नाला वर चढतोय, आमच्या चक्कीच्या पायऱ्यांना लागलाय. चहा पिता पिता ह्यांचं पुन्हा तेच, "औंदा पानी आत आलं त चक्की विकून टाकू." मी हो म्हटलं. गेल्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, पाणी शिरून मोटर जळली, दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकं दुसरीकडे दळायला गेली, तेव्हाच हे ठरलंय. घेणाराही तयार आहे म्हणे. मेला कुठला.

बुध., २० ऑ.
झड चालूच. नगरपरिषदेच्या ऑफिसात जाऊन आले. पुलाखालचा पाइप मोठा करा म्हटलं. "पावसाळा संपू द्या." संपला की म्हणतील, आता पाणी कुठंय.
येताना समोरच्या देवकाबाईकडे बसले. अख्खी गल्ली तिला याडी म्हणते, तिच्या बंजारा बोलीत आई. तिच्या सासरचे जुने लोक बैलांवर मीठ लादून यायचे, नाल्यापलीकडच्या माळावर तळ पडायचा. गाव अलीकडे, तांडा पलीकडे, मध्ये नाला. तीच गावाची शीव. "आमचे बैल अथीच पानी पेत. लय निर्मळ होतं, बाई." आता पलीकडे प्लॉट पाडलेला लेआउट, मंगल कार्यालय, आणि नाला पाइपात. टेकडीवरून बिचारा चांगला मोकळा येतो, बाजारात शिरला की नासतो.

शुक्र., २२ ऑ. पोळा.
उघडीप. दाराला पळसाच्या फांद्यांचे मेढे बांधताना हे म्हणाले, "गेल्या साली पाइपातून काय निघालं होतं, ध्यानात हाये?"
हातातली सुतळी तशीच राहिली. पळस. सगळ्या गल्लीच्या दारांचा पळस. मारबतीला ईडापीडा शिवेबाहेर टाकायची, म्हणून पहाटे ज्याने त्याने आपल्या फांद्या नाल्यात टाकल्या. वर फाटकी सुपं, गोधड्या. मग पाऊस. वर्षभर ऑफिसाला शिव्या दिल्या आणि बूच आपणच मारलं होतं. आधी हसू आलं, मग राग.

शनि., २३ ऑ. मारबत.
पहाटे पुलावर जाऊन उभी राहिले, फांद्या नाल्यात टाकू नका म्हटलं. कोणी ऐकेना. शेजारचा बबन म्हणतो, "मंग मारबत न्याची कुठी, काकू? तुमच्या चक्कीत?" रोगराई घेऊन घरी परत कोण जाणार, तेही खरं.
शेवटी याडीने मुलाला ट्रॅक्टर काढायला लावला. "घाला टरालीत. शीव सरकली त आपनबी सरकू."
फांद्या, बाया, पोरं, सगळे ट्रॉलीत. वाटभर आरोळी, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" लेआउट गेला, पेट्रोल पंप गेला, पुन्हा लेआउट. शीव काही येईना. बबन दर वळणावर विचारतो, "आली का?" एका कपाशीच्या वावराशी थांबलो तर मालक धावत आला, "तुमचा खोकला माह्या पऱ्हाटीत कायले टाकून राह्यले?" बरोबरच आहे त्याचं. पुढे दगडाच्या पडीक खदानीपाशी टाकलं. घसा बसलाय माझा.
दुपारी धो धो. मोटरीजवळ स्टूल टाकून बसले. पाणी शेवटच्या पायरीला आलं. थांबलं. बऱ्याच वेळाने एक पायरी उघडी दिसली, मग दुसरी. पाइप वाहत होता. मला रडूच फुटलं.
हे म्हणाले, "उतरलं ना बाप्पा, आता रडून कायले राह्यली?"
सुटले. एवढंच लिहवतंय.

रवि., २४ ऑ.
चक्की सुरू. पहिलं दळण याडीचं, ज्वारी. माझं लक्ष नाल्याकडे, पीठ जास्तच बारीक पडलं. "भाकर थापू का खीर करू?" म्हणाली. आज काहीही बोलली तरी गोडच लागतंय.
संध्याकाळी पाइपाच्या तोंडाशी एक मेढा अडकलेला दिसला. लाल सुतळी. आमच्याच दाराचा. मी पुलावर लोकांना अडवत होते तेव्हा ह्यांनी मागच्या दाराने टाकला होता. "आदत," म्हणाले, आणि स्वतःच काठी घेऊन खाली उतरले. मी वरून त्यांचा हात धरला.
मंगळवारी चक्की घेणारा यायचाय. त्याला नको म्हणून ह्यांनी फोन केला का, मी विचारलं नाही. परतीचा पाऊस बाकी आहे अजून.
जेवताना म्हणाले, चक्कीचा पट्टा घासला, नवीन पाहायला पाहिजे.