फडताळाची किल्ली

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा फडताळ रिकामं. बिस्किटांचे चार पुडे, अख्खा पाव, जॅमची बाटली – चाटूनपुसून, झाकण घट्ट लावून परत जागेवर! काल संध्याकाळी मीच सामान लावलं होतं. घरात माणसं तीन. मी, लेक, नात. मला साखरेचा आजार, मी गोडाकडे बघत नाही. लेक काडीसारखी, चार घास खाते आणि उठते. मग राहिलं कोण? एकोणीस वर्षांची नात, अंगानं चांगली भरलेली. विचारलं तर खाली बघते. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

लेक म्हणाली, बाबा, फडताळाला कुलूप लावून द्या. दुकान विकल्यापासून या घरात मला कुणी काम म्हणून सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं कुलपं केली मी. आता फक्त गोळ्या घ्या आणि पंख्याखाली बसू नका, एवढंच ऐकायचं.

५ मार्च

कडी-कोयंडा बसवला. सात लिव्हरचं कुलूप, माझ्या हातचं. ड्रिल चालवताना एक भोक वाकडं गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

किल्ल्या दोन. एक लेकीला द्यायला गेलो तर तिनं हात मागे घेतला. "माझ्याकडे नको. दोन्ही तुम्हीच ठेवा. मी मागितली तरी देऊ नका." आईचं काळीज. पोरगी रडली तर ही विरघळेल, हे तिचं तिला ठाऊक आहे. दोन्ही किल्ल्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या.

हिचंही लहानपणी असंच होतं. दहा वर्षांची असेल. डबेच्या डबे फस्त करायची. तेव्हा मी असंच कुलूप लावलं होतं. तिची आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, म्हणे लेकराच्या तोंडासमोर कुलूप लावणारा बाप पाहिला नाही. पण पोरगी सुतासारखी सरळ झाली. आज बघा, अंगावर मूठभर मांस नाही. तेव्हा मी कुणाचं ऐकलं असतं तर?

७ मार्च

दोन दिवस फडताळ जसंच्या तसं. शांत झोप लागली.

१० मार्च, सोमवार

उघडलं! कुलूप जागच्या जागी, बंद. आतलं सामान गायब. भिंगाखाली धरून बघितलं, एक ओरखडा नाही. फोडलेलं नाही, उचकटलेलं नाही. कुणीतरी तारेनं एकेक लिव्हर उचलून उघडलंय आणि तसंच परत बंद केलंय. हे काम सगळ्या जगात मी एकाच माणसाला शिकवलं – नातीला. शाळेच्या सुट्टीत दुकानात यायची. बारा वर्षांची होती. पहिलं कुलूप उघडलं तेव्हा मी गिऱ्हाइकांना सांगत सुटलो होतो, आमच्या पोरीचा हात बघा. आता बघतोय.

तिच्या खोलीतली कपाटं, पिशव्या, गादीखाली – सगळं तपासलं. एक चुरा नाही. ती दारात उभी होती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त माझ्याच पिशव्या बघता." मी म्हटलं, मग काय माझ्या बघू? ती हसली नाही.

१२ मार्च

दवाखान्यात गेलो, तिघंही. तिथल्या डॉक्टरबाई माझ्या नातीएवढ्या दिसतात, पण बोलतात शंभर वर्षांच्या असल्यासारख्या. म्हणाल्या, हा हावरटपणा नाही, आजार आहे. दारू किंवा तंबाखू सुटत नाही, तसंच काहीसं. पोट भरलेलं असतं, तरी हात थांबत नाही. मग लाज. मग दिवसभर उपाशी राहून त्याची भरपाई. मग भूक अनावर, आणि पुन्हा तेच. कुलूप काढा, वेळेवर चार वेळा पोटभर जेवू द्या, सोबत बसून.

कुलूप काढा! मी सातवी शिकलेला माणूस, मला काय कळतंय.

नात तोंड उघडेना. सगळं लेकच सांगत होती. म्हणाली, चवसुद्धा लागत नाही. कोरडा पाव घशात अडकतो, तरी पाणी प्यायला थांबावंसं वाटत नाही, मध्ये थांबलं तर आपण काय करतोय ते कळेल अशी भीती वाटते. बाई लिहायचं सोडून तिच्याकडे बघत राहिल्या. मलाही नवल वाटलं, आईला मुलीचं किती आतलं कळतं. मला माझ्या मुलीचं इतकं कधी कळलं नव्हतं.

१३ मार्च

कुलूप काढणार नाही.

१६ मार्च, रविवार

जेवताना नातीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरे आता, फडताळातलं पचायचंय अजून." तिनं हातातला घास परत ताटात ठेवला. उठली नाही, रडली नाही. नुसती बसून राहिली. लेक स्वतःच्या ताटात बघत होती, त्यात सगळं तसंच होतं. मी बोललो ते चूक नव्हतं.

१९ मार्च

पुन्हा तेच झालं. मी सांगून टाकलं, पोरीला काही दिवस तिच्या आत्याकडे पाठवा. एक तर ती राहील नाही तर मी. लेक म्हणाली, बाबा, तिचा काय दोष. म्हटलं, मग कुणाचा? ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

नातीनं स्वतःच बॅग भरली. निघताना माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आईला किल्ली देऊ नका. आणि तिला एकटीला जेवायला बसवू नका, तुम्ही सोबत बसा." चोर जाता जाता पहारेकऱ्याला शिकवतोय! मनात म्हटलं, तोंडानं नाही. एवढं तरी भान राखलं.

२३ मार्च

घर शांत. कुणी गाणी लावत नाही, कुणी माझा चष्मा पुसून ठेवत नाही. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, म्हणते तिथंच जेवून येते, तिथं कामाची गर्दी असते. डबा जड होता तसाच परत येतो. मी एकटाच जेवतो. सोबत कुणाच्या बसू?

२७ मार्च, गुरुवार

फडताळ रिकामं.

सकाळपासून दहा वेळा बघून आलो. कुलूप बंद, किल्ल्या माझ्या गळ्यात. मग भलताच विचार आला, मीच तर खात नाही ना, खाऊन विसरून जातो? या वयात होतं म्हणतात असं. बोट टोचून साखर बघितली. नेहमीपेक्षा कमीच निघाली!

आत्याला फोन केला. म्हटलं, पोरगी मधे इकडे येऊन गेली का. ती म्हणाली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तीन वेळा नीट जेवते, एक घास इकडचा तिकडे नाही. वर मलाच टोमणा, तुमच्याकडे उपाशी ठेवत होतात की काय?

कुलूपच खराब असेल. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आलो की खोलून बघतो. माझ्या हातचं आहे, पण हात आता तो राहिला नाही.

२८ मार्च

डॉक्टरांनी लवकर सोडलं. दीड वाजता घरी. लेक कामावर असायची वेळ. ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पायात बूट तसेच. मांडीवर पाव, कोरडा. शेजारी दोन तारा, माझ्या हत्यारांच्या पेटीतल्या. मला बघितलं, तरी हात थांबेना. मी पेला भरून पुढे केला. तो घ्यायला तिला थांबावं लागलं.

म्हटलं, तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

म्हणाली, "तुमचं पहिलं कुलूप मी तिसऱ्या दिवशी उघडलं होतं, बाबा. दुकानात बसून तुमचे हात बघितले होते."

गळ्यातला दोरा काढला. मग नातीला फोन लावला. काय बोलायचं ते जुळवत होतो. माझा नुसता श्वास ऐकून तीच म्हणाली, "आई बरी आहे ना, आजोबा?"